वांगणी : सकाळी उल्हास नदीत कयाक, दुपारी भगीरथ धबधब्याची पायवाट. गाइड नाही, गाडी नाही, एका दिवसात

वल्हेकरी_नौपाडा

नमस्कार मंडळी. मागे कोणीतरी विचारलं होतं की ठाण्यातून गाडी न काढता एका दिवसात नदी आणि रान दोन्ही होईल असं काही आहे का, तेव्हा घाईत दोन ओळी टाकल्या होत्या, आता नीट लिहितो. मी आणि माझा मावसभाऊ गेली तीन वर्षं दिवाळीनंतर हे करतोय आणि माझ्या मते आपल्याकडून लोकलने जाऊन करण्यासारखी याहून चांगली जागा नाही. कारण साधं आहे, वांगणीला (कर्जतच्या दिशेने बदलापूरच्या पुढचं स्टेशन) रुळांच्या एका बाजूला नदी आहे आणि दुसऱ्या बाजूला चंदेरीची डोंगररांग. स्टेशन मधोमध. सकाळी एका अंगाला जायचं, दुपारी दुसऱ्या.

कयाक म्हणजे वल्ह्याची छोटी, अरुंद होडी. आमची हवेची आहे, दोन माणसांची, घडी करून पाठीवरच्या पिशवीत बसते, पंप आणि वल्ही धरून १४ किलो भरते. पहाटेची कर्जत लोकल पकडतो, लगेजच्या डब्यात, उलट्या दिशेला असल्यामुळे गर्दी नसते. वांगणीला उतरलं की रिक्षा करून नदीवर जायचं. रिक्षावाल्याला आधीच सांगायचं की गावच्या घाटावर सोड, जिथे बायका कपडे धुतात तिथे, कारण तिथे पायऱ्या किंवा निदान सपाट खडक असतो आणि कयाक फुगवायला जागा मिळते.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा धागा काढला. आधी प्रवाहाच्या उलट वर जायचं, मग खाली यायचं. पहिल्या वर्षी आम्ही उलटं केलं. पाणी संथ दिसलं, धुकं होतं, खंड्या समोरून उडत होता, आम्ही निघालो प्रवाहाबरोबर बदलापूरच्या दिशेने आणि पाऊण तासात कुठल्या कुठे पोचलो, इतकं सोपं वाटत होतं की वल्हं मारायचीही गरज नव्हती. परत फिरलो तेव्हा कळलं. तेच अंतर वर यायला आम्हाला दोन तास चाळीस मिनिटं लागली, मध्ये एका उथळ जागी उतरून कयाक ओढत आणावी लागली आणि खांदे इतके भरून आले की भाऊ पाण्याची बाटली उघडू शकत नव्हता. त्यानंतर हट्टाने भगीरथला गेलो, उशीर झालेलाच होता, परतताना रानातच अंधार पडला आणि एका गुराख्याच्या मागोमाग चालत गावात आलो. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

तेव्हापासून नियम एकच. ताज्या खांद्यांनी वर जायचं, घड्याळ लावून दीड तास, कितीही मजा येत असली तरी दीड तास झाला की वळायचं. मग परतीला नदीच आणून सोडते. अकराच्या आत पाण्याबाहेर. अकरानंतर हिवाळ्यातसुद्धा समुद्राकडचा वारा सुरू होतो आणि तो नेमका परतीच्या तोंडावर येतो, हवेची कयाक पाण्यात रुतत नाही, वरच तरंगते, त्यामुळे वारा तिला पाचोळ्यासारखी आडवी फिरवतो.

कयाक उन्हात पालथी घालून वाळवायची, घडी करायची, आम्ही ती स्टेशनजवळ एका ओळखीच्या चहावाल्या काकांकडे ठेवतो. मग डबा खाऊन बेडीसगावच्या बाजूने भगीरथ धबधबा. स्टेशनपासून आमच्या पायाने सव्वा-दीड तास. नोव्हेंबरात धार बारीक झालेली असते पण खालच्या कुंडात पाणी असतं आणि माणूस नसतो. साडेतीनला तिथून निघायचंच.

प्रश्न असतील तर विचारा, जेवढं माहीत आहे तेवढं सांगेन.

प्रश्नचिन्ह_कळवा

दादा मस्त माहिती, पण एक शंका. उल्हासला नोव्हेंबर डिसेंबरमध्ये एवढं पाणी असतं का? आमच्या गावच्या नद्या दिवाळीला गुडघाभर होतात, शिमग्याला तर नुसते गोटे.

वल्हेकरी_नौपाडा

असतं, आणि त्याचं कारण पाऊस नाही, वीज आहे. भिवपुरीला टाटांचं १९२२ पासूनचं जलविद्युत केंद्र आहे, घाटावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी डोंगरातून खाली सोडून वीज बनवतात आणि ते वापरून झालेलं पाणी पेज नदीत येतं, पेज पुढे उल्हासला मिळते. म्हणून उन्हाळ्यातही ही नदी वाहती असते आणि त्याच पाण्यावर अंबरनाथ, बदलापूरपासून खालपर्यंतची शहरं जगतात. पण याचा दुसरा अर्थ असा की ऊन पडलंय, आभाळ कोरडं आहे तरी पातळी हलू शकते, वीजनिर्मिती कमी-जास्त होते तशी. एकदा आम्ही कयाक काठावर अर्धी पाण्याबाहेर ओढून पोहे खायला बसलो आणि वीस मिनिटांनी बघतो तर मागची बाजू तरंगत होती. बांधलेली होती म्हणून राहिली. काठावर ठेवताना पूर्ण वर ओढा आणि झाडाला दोरी बांधा, दगडाला नको.

आगरी_खारीगाव

भाऊ चांगला लिवलाय. मी नदीचा नाय, खारीचा (खाडीचा) मानूस, पन एक सांगतो. पाण्यात उतरायचे आधी काठावरचे मानसाला इचारायचा की डोह कुठं हाय. उल्हासमधी रेती काढून काढून खड्डे झालेत, वरून पानी येकसारका दिसतो, एक पाऊल कंबरभर आनि दुसरा पाऊल ठरतच नाय. दरवर्षी पोरं जातात ती पोहता येत नाय म्हनून नाय, पोहनारी पन जातात. कयाक ओढायला उतरलास तरी लाइफ जाकीट काढू नको.

वल्हेकरी_नौपाडा

दादा हे शंभर टक्के बरोबर. मी लिहायचं विसरलो त्याबद्दल माफी. उथळ जागी ओढताना एकाने पुढे वल्हं टेकवत चालायचं, अंध माणूस काठी टेकवतो तसं, आणि दुसऱ्याने कयाक धरून ठेवायची. जाकीट घाटावर घालायचं ते परत घाटावरच काढायचं.

जाकिटावरून आठवलं. एका ठिकाणी, नाव घेत नाही, मी भाड्याने कयाक घेतली होती तेव्हा दिलेल्या जाकिटाचं बक्कल तुटलेलं होतं आणि सुतळीने बांधून दिलं होतं. तेव्हा लाजून काही बोललो नाही. आता स्वतःचं आहे. घेताना वजनाप्रमाणे घ्या, घालून बघा आणि कोणाला तरी खांद्याच्या पट्ट्या धरून वर उचलायला सांगा, जाकीट कानापर्यंत वर आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाणार.

रानवाटा_वर्तकनगर

धाग्याबद्दल धन्यवाद. मी चालणाऱ्यांपैकी, त्यामुळे दुपारच्या भागाबद्दल थोडी भर घालतो.

भगीरथच्या वाटेवर पावसाळ्यात रविवारी जत्रा असते त्यामुळे लोकांना वाटतं वाट ठळक आहे. पावसाळ्यानंतर गवत छातीपर्यंत वाढतं, मग वाळून आडवं पडतं आणि त्यात गुरांच्या वाटाच जास्त ठळक दिसतात. ओळखायची खूण अशी की ढोरवाट झुडपाखालून जाते, माणसाची वाट झुडपाला वळसा घालते. डोक्याला फांदी लागायला लागली की समजायचं चुकलो, मागे फिरायचं, पुढे जाऊन वाट सापडेल या आशेवर राहायचं नाही.

दुसरं, डिसेंबरपासून खाजकुयलीच्या शेंगा वाळतात. सोनेरी-तपकिरी लवेच्या, दिसायला सुंदर, मखमलीसारख्या. वाऱ्यावर त्यांची लव उडते आणि ओल्या अंगाला चिकटते, आणि कयाकवाल्या माणसाचे कपडे ओलेच असणार. नदीवरून निघताना कोरडे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. लागलीच तर चोळू नका, चोळलं की अंगभर होते. चिकटपट्टी लावून उपटायची, मग धुवायचं.

डॉक्टर_घणसोली

दोन गोष्टी. पायाला किंवा हाताला जखम असेल तर त्या दिवशी नदीत उतरू नका, लेप्टो म्हणजे गुरा-उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा आजार जखमेतून शिरतो. नंतर आठवडा-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की मी नदीत गेलो होतो, कारण तुम्ही सांगितलं नाहीत तर त्यांना ते सुचायला वेळ लागतो. आणि बदलापूरच्या खाली तर कयाक नकोच, तिथून पुढे नदीत सांडपाणी येत जातं.

वल्हेकरी_नौपाडा

धन्यवाद डॉक्टर. खाली न जाण्याची आणखी दोन कारणं आहेत. एक बॅरेज, म्हणजे बदलापूरचा बंधारा. वरच्या अंगाने येताना बंधारा दिसत नाही, फक्त पाण्याची एक सरळ रेघ दिसते आणि पलीकडे काहीच नाही. पाणी वरून पडून खाली स्वतःवरच उलटं फिरतं आणि माणसाला आत ओढून धरतं, जाकीट असलं तरी. त्याच्या जवळपासही फिरकायचं नाही. दुसरं जलपर्णी. जानेवारीनंतर ती पसरत जाते आणि उन्हाळ्यात काही पट्ट्यांत नदी आहे की हिरवं मैदान आहे कळत नाही. आम्ही एकदा फेब्रुवारीच्या शेवटी गेलो होतो, वल्हं घातलं की खाली काळ्या मुळांचा गुंता अडकायचा, उचललं की किलो-दोन किलोचा झुबका वर यायचा, दहा मिनिटांत आम्ही कयाकच्या लांबीएवढं पुढे गेलो असू. म्हणून दिवाळी ते नाताळ हाच आपला हंगाम.

प्रश्नचिन्ह_कळवा

आणि पावसाळ्यात? तेव्हा तर भरपूर पाणी.

वल्हेकरी_नौपाडा

पावसाळ्यात अजिबात नाही. २७ जुलै २०१९ आठवा. बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, हजाराहून जास्त माणसं गाडीत, एनडीआरएफच्या बोटी, नौदल, सगळे आले होते. ते पाणी याच नदीचं. जिथे आपण सकाळी पोहे खातो ती जागा तेव्हा कित्येक फूट पाण्याखाली होती. शिवाय पावसाळ्यात धबधबे आणि धरणांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश असतात ते वेगळंच.

बेलापूरकर

आमच्या नवी मुंबईवाल्यांसाठी खाडीत असं काही करता येईल का? ऐरोलीत उतरायचं, कांदळवनातून फ्लेमिंगो बघत जायचं आणि दुपारी पारसिकच्या डोंगरावर. घरापासून अर्ध्या तासावर होईल.

रानवाटा_वर्तकनगर

ऐरोलीचा तो भाग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ ला जाहीर झालं आणि २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आहे. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय स्वतःची कयाक घालता येणार नाही, आणि घालूही नये असं मला मनापासून वाटतं. पक्षी खात असतात तिथे आपण वल्हं मारत गेलो की अख्खा थवा उठतो, त्यांचं दिवसभराचं खाणं मोडतं. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून रीतसर बोट फेरी असते ती घ्या. चालायला ठाण्याचं येऊर म्हणाल तर त्याचंही तसंच, ते राष्ट्रीय उद्यान आहे, गेटवर नोंद करून परवानगी असलेल्या वाटेनेच जायचं.

आगरी_खारीगाव

खारीत जायचाच असल परवानगी घेऊन, तर घड्याल नको, तिथी बगा. तिथीची पाऊनपट केली की पूर्न भरतीची येल येते. अष्टमी म्हंजे आठाची पाऊनपट सहा, सकाली सहाला पूर्न भरती आनि दुपारी बाराला पूर्न सुकती (ओहोटी). म्हंजे तू धा वाजता उतरलास तर पानी तुज्या खालून निगून जाताय. आनि आमचे खारीत पानी गेला की वालू नाय रहात, चिखल रहातो, मांडीभर. त्येच्यातून बोट बी निगत नाय आनि मानूस बी. मग सहा तास तितंच बसायचा. तेरसला पावनेधाला भरती, ती सोपी परते. पन ती उधानाचे जवल, पानी जोरात ओढतो, नवे मानसाचा काम नाय. आमचे बाजूला आत भरती आनखी उशिरा लागते.

बेलापूरकर

बापरे, दादा तिथीचं गणित पहिल्यांदा ऐकलं. कॅलेंडर काढून तपासलं, भरतीच्या तक्त्याशी बऱ्यापैकी जुळतं! आजोबा आमचे दिवाळे गावचे होते, त्यांना नक्की माहीत असणार, विचारायचं राहून गेलं.

सिडनीतली_डोंबिवलीकर

हा धागा वाचून इतकं बरं वाटलं. मी मूळची डोंबिवलीची, सध्या सिडनीत. इथे रानात चालण्याला बुशवॉकिंग म्हणतात आणि कयाक अधिक बुशवॉक हा रविवारचा अगदी नेहमीचा बेत. शहराच्या दक्षिणेला रॉयल नॅशनल पार्क आहे, १८७९ चं, तिथे ऑडलीला हॅकिंग नदीवर छोटा बंधारा आहे, त्याच्या वरच्या अंगाला भाड्याने कयाक मिळतात. एक फाटा कांगारू क्रीकमध्ये जातो. सकाळी तिथे वल्हवायचं, दुपारी चालायचं, तुमच्यासारखंच. बंधाऱ्याच्या वर असल्याने भरती-ओहोटीचा संबंध येत नाही.

पण मला आवडलेली गोष्ट वेगळी. इथे रानात जाण्याआधी लोक एक फॉर्म भरतात, कुठे जाणार, कोण कोण, कधी परतणार, परत आलो नाही तर कोणाला कळवायचं. ब्लू माउंटन्समध्ये तर उपग्रहाला संकेत पाठवणारं छोटं यंत्रही फुकट वापरायला देतात. आपल्याकडे निदान पहिली गोष्ट तर घरच्या घरी करता येईल ना?

रानवाटा_वर्तकनगर

ताई, यंत्राबद्दल एक सावधगिरीची सूचना, इथे परत येताना तसलं काही आणू नका. आपल्याकडे परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसली संदेश यंत्रं वापरायला बंदी आहे, परदेशातून आलेले ट्रेकर विमानतळावर अडकलेले आहेत. फॉर्मची कल्पना मात्र उत्तम.

वल्हेकरी_नौपाडा

आमच्याकडे फ्रिजवर कागद असतो. आईच्या आग्रहाने सुरू झालं, अंधार पडलेल्या त्या पहिल्या वर्षानंतर. त्यावर घाटाचं नाव, धबधबा, चहावाल्या काकांचा नंबर, "७ पर्यंत वांगणी स्टेशनवरून फोन येईल, ८ पर्यंत आला नाही तर आधी काकांना, मग ११२" असं लिहिलेलं असतं. वाढीव थांबा घ्यायचा नाही, कागदावर नाही तिथे जायचं नाही. डोंगराच्या कुशीत रेंज जाते तेव्हा त्या कागदाचा आम्हालाच आधार वाटतो.

प्रश्नचिन्ह_कळवा

शेवटचा प्रश्न दादा. हवेची कयाक फुटली तर?

वल्हेकरी_नौपाडा

फुग्यासारखी फुटत नाही. तीन कप्पे असतात, दोन बाजूंचे आणि एक तळाचा, एक गेला तरी बाकीचे दोन काठापर्यंत नेतात. आमचा तळ गेला होता बाभळीच्या काट्याने, काठावर ओढताना घुसला असणार. आवाज वगैरे काही नाही, फक्त बसल्या जागी आपण हळूहळू खाली जातोय आणि मांडीखाली पाणी साचतंय असं जाणवलं. घरी आणून साबणाचं पाणी फिरवलं तेव्हा मोहरीएवढे बुडबुडे एका रांगेत यायला लागले. काटा आतच मोडला होता.

इथे एक चूक करू नका, सायकलचं पंक्चर काढायचं रबर सोल्यूशन लावू नका. आम्ही लावलं, दुसऱ्या दिवशी ठिगळ सालीसारखं निघालं. कयाक पीव्हीसीची असते, तिला पीव्हीसीचंच ठिगळ आणि पीव्हीसीचाच गोंद लागतो. दोन्ही बाजू घासून, स्पिरिटने पुसून, वर उलथी कढई ठेवून रात्रभर दाबून ठेवा.

बेलापूरकर

दोन आठवड्यांनी लिहितोय. काल जाऊन आलो, माझी ६२ वर्षांची आई आणि मी. कयाक मित्राची. आईचं माहेर नेरळकडचं, नदीवरच लहानाची मोठी झालेली, पण बोटीत कधी बसली नव्हती. जाकिटाच्या पट्ट्या धरून उचलून बघितलं, आधी वर गेलो, दीड तास न जाता एकच तास, तिला झेपेल तेवढं. सुरुवातीला दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून बसली होती. मग धुकं विरलं तशी बोलायला लागली, इथे करंज असणार बघ, इथे पाणी काळं आहे म्हणजे डोह, डावीकडून घे, समोर खडक आहे. दिसत काहीच नव्हतं मला. डावीकडून घेतलं आणि उजव्या हाताला वल्हं खडकाला लागलं. तिने ही नदी चाळीस वर्षांनी बघितली.

भगीरथला ती आली नाही, चहावाल्या काकांकडे बसली, मी एकटा अर्ध्या वाटेतून परत फिरलो कारण साडेतीन वाजत आले होते. घरी ताईने कागद लावला होता, पावणेसातला फोन केला.

पुढच्या महिन्यात मावशीला पण यायचंय. वल्हेकरी दादा, तिघांना बसेल अशी कयाक असते का, की दोन घ्याव्या लागतील?

वल्हेकरी_नौपाडा

दोन घ्या. तिघांची असते पण उथळ जागी तिघांच्या वजनाने तळ घासतो. आमची एक तुम्हाला देतो, मी आणि भाऊ पण येतो, मावशींच्या पुढे बसून वल्हवायला एक जण लागेलच. शनिवार की रविवार ते सांगा, काकांना कळवून ठेवतो.